वेणीवाला स्वेटर: दुरुस्तीच्या नोंदी

६ नोव्हेंबर

सांगलीहून मोठ्या वहिनींची पिशवी आली. फराळाच्या डब्याखाली स्वेटरची पाठ (टाके बंद करून पूर्ण), पुढचा भाग (मुंढ्यापर्यंत आलेला, अजून सुईवर), एक बाही, लोकरीचे चार गोळे आणि नमुन्याचा घड्या पडून फाटायला आलेला झेरॉक्स. पुतण्या आयर्लंडमध्ये गॉलवेला शिकायला गेलाय, त्याच्यासाठी हा स्वेटर. वहिनींच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकत होता तेव्हाही त्या विणतच होत्या. ऑपरेशन झाल्यावर स्वच्छ दिसायला लागलं आणि पहिली गोष्ट दिसली ती पिळांतल्या चुका. "आता मला हे बघवत नाही, तूच काय ते कर," असा फोन कालच आला होता.

डिसेंबरच्या मध्यावर पुतण्याचा मित्र डब्लिनला परत जाणार आहे. त्याच्या बॅगेत स्वेटर जायला हवा.

लोकर सायीच्या रंगाची. गोळ्यांवरचे कागद हरवलेत, म्हणून एक दोरा जाळून पाहिला. जळक्या केसांचा वास आला आणि राख चिमटीत भुगा झाली, तेव्हा शुद्ध लोकर. ॲक्रिलिक असतं तर वितळून कडक मणी झाला असता. लोकर आहे हे चांगलं झालं, धुतल्यावर बऱ्याच गोष्टी माफ होतात. सुया ८ नंबरच्या, म्हणजे ४ मिलिमीटर. खालची पट्टी १० नंबरवर, ३.२५ मिलिमीटर.

७ नोव्हेंबर

दिवसाउजेडी दोन्ही भाग काळ्या शालीवर पसरून खालून वर वाचत गेले. रचना अशी: मधोमध नऊ टाक्यांची तीन पदरी वेणी, तिच्या दोन्ही अंगांना शंकरपाळी, शंकरपाळ्यांच्या पोटात साबुदाण्याची वीण, आणि बाहेरच्या बाजूला सहा टाक्यांचा एकेक पीळ. जमीन, म्हणजे नक्षीमागची साधी वीण, उलट टाक्यांची. पीळ, म्हणजे तीन टाके शेजारच्या तिनांवरून ओलांडून नेणं, दर आठ ओळींनी. अंगावर घातल्यावर उजवीकडचा पीळ उजवीकडे आणि डावीकडचा डावीकडे झुकायला हवा, असं झेरॉक्स म्हणतो.

ओळी मोजताना वरून दिसणाऱ्या टाक्यांवर भरवसा ठेवू नये, पिळाच्या तोंडाशी टाके एकमेकांखाली लपतात. पिळाच्या कडेला जमीन जरा ताणायची, कापड उलटं करायचं आणि दोन पिळांच्या भोकांमधले आडवे दोरे मोजायचे. दोन भोकांमध्ये बोट घातलं की नेमकं कुठून कुठे मोजायचं ते कळतं.

सापडलेलं:

पुढच्या भागात उजव्या बाजूचा पीळ, सुईपासून खाली तिसरा, उलट्या दिशेने वळलाय. डाव्या बाजूच्या पिळात एका ठिकाणी आठऐवजी दहा ओळींचं अंतर, आणि तिथून वरचे सगळे पीळ दोन ओळी उशिरा. उजव्या शंकरपाळ्यात साबुदाणा एका ओळीत चुकला, तिथे बारीक रेघा दिसतात. वेणीच्या डावीकडच्या जमिनीत एक उलट टाका सुलट विणला गेलाय. पाठीवर मधल्या वेणीत, जवळजवळ निम्म्या उंचीवर, एक पदर खालून जायचा तो वरून गेलाय. बाही निर्दोष. ती बहुधा मोतीबिंदूच्या आधीची.

८ नोव्हेंबर

वहिनींना फोन केला. त्या म्हणाल्या, "उसव गं सगळं, लोकर कुठे पळून चाललीय." मी म्हटलं, "वहिनी, पुढचा भाग १२८ टाक्यांचा आहे. तिसऱ्या पिळापर्यंत वीस ओळी उसवायच्या म्हणजे अडीच हजारांवर टाके. आणि चूक आहे सहा टाक्यांत."

बहुतेक जणी इथेच घाबरतात आणि सुई काढून घेतात. वास्तविक पिळाचा पट्टा हा त्याचा तो असतो. दोन्ही बाजूंना उलट टाक्यांची गटारं असतात, शेजारच्या नक्षीशी त्याचा संबंध फक्त ओळीओळीतून जाणाऱ्या दोऱ्याचा. तेवढाच पट्टा खाली सोडायचा, तळाशी वळण बदलायचं आणि त्याच दोऱ्याने पुन्हा वर यायचं. सहा टाके गुणिले वीस ओळी, एकशेवीस टाके. वहिनींना हे पटलं नाही, पण "तुझ्या हातात आहे आता" म्हणाल्या, म्हणजे परवानगी.

९ नोव्हेंबर

आधी सोपं: जमिनीतला तो सुलट टाका. सुईवरून तेवढा एकच टाका सोडला, शिडी पाडत (टाका सुटला की ओळीओळीचे आडवे दोरे शिडीच्या दांड्यांसारखे उरतात) त्या ओळीपर्यंत आणला. कापड उलटं केलं, कारण जमीन मागून सुलट दिसते आणि क्रोशाच्या सुईला सुलट टाकाच सोयीचा. एकेक दांडा ओढून घेत वर. चहा निवायच्या आत झालं.

११ नोव्हेंबर

उजवा पीळ.

तयारीला मुख्य कामापेक्षा जास्त वेळ द्यावा लागतो आणि द्यावाच. चुकलेल्या पिळाच्या लगेच खालच्या ओळीत, सहाही टाक्यांच्या उजव्या पायांतून (टाक्याच्या फाशाच्या दोन बाजू म्हणजे त्याचे पाय) बोथट सुईने लाल सुती दोरा ओवला. शिडी कितीही धावली तरी या दोऱ्यापाशी थांबते. सुती दोराच हवा. लोकरीचा घेतला तर त्याचे तंतू पांढऱ्यात अडकून राहतात आणि लाली मागे उरते. सहा टाक्यांच्या अलीकडचे-पलीकडचे टाके रबर लावून सुईवर पक्के केले.

मग सहा टाके सोडले. पहिल्या चार ओळी हाताने ओढल्या, पहिल्या पिळाशी अडकलं. पिळाच्या ओळीत टाके एकमेकांवर चढलेले असतात, तिथे ओढाओढ केली तर शेजारच्या गटारातला टाका आवळतो. वरचे तीन आधी सोडवायचे, मग खालचे तीन. असं करत लाल दोऱ्यापर्यंत आले. समोर वीस आडवे दांडे, रुंद आणि सैल, सगळे कुरळे. कुरळेपणा घालवायला दोरा ओला करायची इथे गरज नाही. त्याच वाटेने परत जायचंय, उलट जुनी वळणं त्याला जागा दाखवतात.

लाल दोऱ्यावरचे सहा टाके मोज्याच्या दोन टोकी सुईवर घेतले. उजवा पाय पुढे आहे ना ते प्रत्येकाचं पाहिलं. पाय उलटा राहिला तर टाका पिरगळतो आणि धुतल्यावरही तसाच राहतो. पहिले तीन टाके दुसऱ्या आखूड सुईवर घेऊन मागे धरले, पुढचे तीन सर्वांत खालच्या दांड्याने विणले, मग मागचे तीन. वहिनींनी त्या दिवशी पुढे धरले होते, चूक एवढीच. मागे धरलं की पीळ उजवीकडे झुकतो, पुढे धरलं की डावीकडे. हे एकदा डोक्यात बसलं की नमुन्यावरची चिन्हं वाचायची गरजच उरत नाही.

इथून वर प्रत्येक ओळ समोरूनच, सुलट. शिडीवर उलटी ओळ नसते. दांडा मागून नेहमीसारखा धरायचा, पण दोरा मोजका असतो, म्हणून पहिले टाके सैल घेतले तर सहाव्याला काही उरत नाही. माझा उपाय: ओळ झाली की सुईच्या टोकाने डावीकडून उजवीकडे दोरा थोडा थोडा सरकवून द्यायचा. दांड्यांचा क्रम चुकवू नये. दोन दांडे जवळ आले की वरचा आधी उचलला जातो आणि मग एक लोंबता दोरा मागे राहतो. आठव्या आणि सोळाव्या ओळीवर वरचे दोन पीळ पुन्हा घातले.

चुकीचा पीळ आणि बरोबर पीळ यांना दोरा सारखाच लागतो, त्यामुळे ताण कुठेच बदलला नाही. पीळ घालायचाच राहिला असता तर हे इतकं सुखाचं गेलं नसतं. सरळ विणलेल्या ओळीतला दोरा पिळाला अपुरा पडतो, तिथे कापड आवळतं आणि शेजारच्या टाक्यांकडून उसनं घ्यावं लागतं.

१४ नोव्हेंबर

डावा पीळ, दोन ओळी उशिराचा. शिडी पाडायची तर पन्नासेक ओळी खाली जावं लागेल, आणि वरचा एकेक पीळ नव्या जागी घालताना वर सांगितलेली दोऱ्याची ओढाताण प्रत्येक वेळी. करायचं नाही असं ठरवलं. पुढचा भाग अजून सुईवर आहे, त्याचा फायदा घेते: पुढचा पीळ आठऐवजी सहा ओळींनी घातला, की डावा-उजवा पुन्हा एका रेषेत. सहा टाक्यांच्या पिळाला सहा ओळींचं अंतर अगदी चालतं, जरा घट्ट दिसतो इतकंच. आणि ते येतंय मुंढ्याजवळ, हाताच्या आड. दहाचं अंतर जिथे आहे ते बरगडीपाशी. कुणी टेप घेऊन आलं तरच कळेल.

छातीच्या मधोमध असतं तर असं सोडलं नसतं. चूक किती मोठी यापेक्षा ती कुठे बसलीय हे मी आधी बघते.

१६ नोव्हेंबर

काम नाही. पुतण्याचा फोन आला होता, त्याला आईच्या चुकांचा पत्ता लागलाय. म्हणाला, "काकू, इथल्या दुकानात चिठ्ठी लावलेली असते, प्रत्येक घराण्याची वीण वेगळी, बुडालेला कोळी स्वेटरवरून ओळखायचे. तुम्ही चुका काढल्या तर मला ओळखणार कसं?" असले विनोद त्याने वडिलांकडून घेतलेत.

घराण्यांच्या विणींची ही गोष्ट पर्यटकांना आवडते, पण तिला आधार नाही. गॉलवेच्या उपसागराच्या तोंडाशी इनिशमोर, इनिशमान आणि इनिशीर ही तीन अरन बेटं. तिथला हा जाड पीळदार स्वेटर फार तर शंभर-सव्वाशे वर्षांचा. ब्रिटनच्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांचे गँझी नावाचे विणलेले अंगरखे पाहून बेटावरच्या बायकांनी तो आपल्या पद्धतीने वाढवत नेला. ऑक्सफर्डला लोकरीचं दुकान चालवणाऱ्या हाइन्झ किवे यांनी १९३६ मध्ये डब्लिनमध्ये असा एक स्वेटर पाहिला आणि थेट मध्ययुगातल्या ‘बुक ऑफ केल्स’ या हस्तलिखितातल्या चित्रांशी त्याचं नातं जोडलं. तिथून प्राचीनपणाची हवा भरत गेली.

बुडालेल्या माणसाच्या ओळखीचं मूळ मात्र सापडतं. १९०४ साली डब्लिनच्या रंगमंचावर आलेल्या, आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या बेटावर घडणाऱ्या एका एकांकिकेत बहीण बुडालेल्या भावाला ओळखते ती त्याच्या मोज्यावरून. साधा मोजा, त्यात पीळबीळ काही नाही. ओळख पटते ती टाक्यांच्या हिशेबावरून: साठ घातले होते आणि त्यातले चार गाळले होते, हे विणणारीला आठवतं. पुतण्याला हे सांगितलं तर म्हणाला, "म्हणजे चुकाच ठेवा." त्याला म्हटलं, साबुदाण्यातली ठेवतेय, तेवढ्यावर ओळखतील.

१७ नोव्हेंबर

साबुदाण्याचं काय ते लिहून ठेवते, कारण हा निर्णय मला दोनदा बदलावा लागला.

साबुदाण्यात सुलटवर उलट आणि उलटवर सुलट. वहिनींनी एका ओळीत "दिसतील तसे" विणले, त्यामुळे सुलटवर सुलट आलं आणि पुढे पुन्हा नियमाने गेलं. एका ओळीची उभी रेघ, नीट पाहिली तर दिसते. शंकरपाळं तिथे मिटत आलंय, वर जेमतेम वीसेक टाके उरतात. वाटलं, एकेक टाका सोडून क्रोशाच्या सुईने उलटाचा सुलट करून टाकू.

पण शंकरपाळ्याच्या कडा सरकत्या असतात. दोन सुलट टाके दर दुसऱ्या ओळीला एका उलट टाक्यावरून आत येतात. पोटातला टाका सरळ वर सोडत गेलं की तीन-चार ओळींनंतर तो कडेच्या वळणाखाली शिरतो. म्हणजे एक टाका सोडायचा म्हटला की कडा सोडावी लागते, कडा सोडली की समोरची कडाही, कारण दोन्ही टोकाला एकत्र वळतात. म्हणजे शंकरपाळ्याचा अख्खा माथा, आणि त्यावर सुरू झालेलं पुढचं शंकरपाळंही. सरळ पिळाचा पट्टा आणि सरकती नक्षी यांत हाच फरक. पिळाला शिडी चालते, शंकरपाळ्याला चालेलच असं नाही.

ठेवली.

२१ नोव्हेंबर

मधल्या दिवसांत पुढचा भाग गळ्यापर्यंत नेला. डावा पीळ सहा ओळींनी घातला, आता दोन्हीकडचे समोरासमोर आहेत.

रात्री पांढरी लोकर मी हातात घेत नाही. टाके मोजता येतात, पण टाक्याचा पाय पुढे की मागे हे ट्यूबलाइटखाली ओळखू येत नाही.

२४ नोव्हेंबर

पाठ. हे टाळत होते.

पाठीचे टाके बंद झालेत आणि चूक सत्तरेक ओळी खाली. शिडी पाडायची तर वरची बंद केलेली कड उघडा, नऊ टाके सत्तर ओळी खाली आणा, प्रत्येक चौथ्या ओळीला वेणीचं वळण पुन्हा घाला. वेणीत वळणं आलटून पालटून असतात: एकदा उजव्या सहा टाक्यांतले तीन पुढे धरून, चार ओळींनी डाव्या सहांतले तीन मागे धरून. इथे मागे धरायचे ते पुढे धरले गेले. त्यामुळे त्या जागी वेणी वेणी राहत नाही, दोरखंडासारखी दिसते. पाठीच्या मधोमध. ठेवता येणार नाही.

मग कात्री. आधी उरलेल्या लोकरीचा नऊ टाक्यांचा तुकडा विणला, मुद्दाम तीच चूक घालून, आणि त्यावर हात बसवला. कोणीही हे पहिल्यांदा थेट स्वेटरवर करू नये.

प्रत्यक्षात असं केलं. चुकून वर आलेला पदर तीन टाक्यांचा. वळणाच्या ओळीतला त्याचा मधला टाका शोधला आणि त्याखालून बारीक सुई घालून उचलून धरला. भरतकामाच्या कात्रीने त्या एकाच टाक्याचा एकच पाय कापला. आवाज फारसा होत नाही, पण घरात तेव्हा कुणी बोलू नये असं वाटतं. कापलेली दोन टोकं सुईच्या टोकाने डावी-उजवीकडे तीन टाक्यांपुरती उसवली. खाली तीन उघडे टाके, वर तीन उघडे टाके, दोन्हींना लगेच आखूड सुया. शुद्ध लोकर असल्याने टाके उभे राहतात, पळत नाहीत. गुळगुळीत धाग्यात हे धाडस केलं नसतं.

आता खालचे तीन शेजारच्या पदराच्या मागे उजवीकडून ढकलले, वरचे तीन त्याच्याच मागे डावीकडून. ते पदराच्या पोटाखाली समोरासमोर आले. जो पदर वर होता तो आता खाली गेला. वरचा पदर बोटाने बाजूला धरून, वीतभर नव्या दोऱ्याने खालचे आणि वरचे टाके सुईने जोडले: खालच्या टाक्यातून, वरच्या टाक्यातून, पुन्हा खालच्या. जोड म्हणजे प्रत्यक्षात विणलेली एक ओळच. दोरा आवळायचा नाही, शेजारच्या टाक्याएवढा ठेवायचा, मग शेवटी टोकाटोकाने सारखा करायचा. जोड पदराखाली आला, तेव्हा थोडा उन्नीस-बीस असला तरी दिसत नाही.

कापलेली जुनी टोकं बोटाच्या पेराएवढीच उरतात, ती सुईत ओवून शिवता येत नाहीत. त्यासाठी सुई आधी कापडातून मागच्या बाजूने सरकवायची, नेढं टोकाशी आलं की मग दोरा ओवायचा आणि सुई ओढून घ्यायची. नव्या दोऱ्याची टोकं पदराच्या मागेच तिरकी मुरवली.

समोरून पाहिलं. बोट ठेवून खालून वर वेणी मोजत गेले आणि दुरुस्तीची जागा ओलांडून पुढे गेले, तेव्हा थांबले.

३० नोव्हेंबर

दुसरी बाही सुरू. पहिल्या बाहीचा पीळ डावीकडे झुकतो, म्हणून हिचा उजवीकडे घेतला. झेरॉक्सवर दोन्ही बाह्या सारख्याच दाखवल्यात. ती नमुना छापणाऱ्यांची सोय, कपड्याची नव्हे.

८ डिसेंबर

बाही झाली. वहिनी पुण्याला आल्यात, डोळा दाखवायला. पाठ हातात घेऊन खिडकीशी बसल्या, बराच वेळ उलटसुलट केली. "कुठे होतं गं ते?" मी दाखवलं. त्यांनी कापड उलटं करून टोकं शोधली आणि सापडल्यावर म्हणाल्या, "मुरवलंस बरं, पण जरा जास्तच." खरं म्हणजे बरोबर बोलल्या, एक टोक शेजारच्या पदरापर्यंत गेलं होतं आणि तिथे वेणी किंचित जाड झाली होती. काढून पुन्हा मुरवलं.

साबुदाण्यातली रेघ त्यांना दिसली. काही बोलल्या नाहीत.

११ डिसेंबर

सगळे भाग रिठ्याच्या कोमट पाण्यात भिजवले, चोळले नाहीत. पिळले तर अजिबात नाहीत. टॉवेलात गुंडाळून दाबलं, मग गॅलरीत सावलीला सतरंजीवर मापाने पसरलं. आडवं ताणलं नाही, नाहीतर पीळ चपटे होतात. पिळांच्या कडेची जमीन तेवढी बोटाने मोकळी केली की पीळ आपोआप उठून दिसतो. ज्या पट्ट्यात शिडी पाडली होती तो ओला असेपर्यंत वेगळा ओळखू येत होता, टाके जरा लहानमोठे. वाळल्यावर सारखे झाले. इस्त्री नाही.

१३ डिसेंबर

खांदे, बाह्या, बगला शिवून झाल्या. गळपट्टी १० नंबरवर. वजन केलं तर किलोच्या आत भरलं. पुतण्याचा मित्र बॅगेत कुठेही कोंबेल, म्हणून जुन्या उशीच्या अभ्र्यात घातलाय.

उरलेल्या लोकरीपैकी दोन-तीन वाव दोरा डाव्या बगलेच्या शिवणीत आतून सैल टाचून ठेवला. स्वेटर धुतला जाईल तसा तोही धुतला जाईल, आणि पुढे कुठे विरलं तर दुरुस्तीला त्याच उतरलेल्या रंगाची लोकर मिळेल. वहिनी बाकीचे गोळे परत नेतायत. त्यांना टोपी करायचीय, पिळाची.